हरकत नाही

दोंडाईच्याला स्टेशन रोडवर
खताच्या दुकानाच्या डोक्यावर खैरनार सीएंचं ऑफिस.
लोखंडी जिना, एका वेळी एकच माणूस चढेल असा.
वैजयंता पुढे, मी मागे,
पिशवीत दोघींचं आधार, पॅन, चार-चार फोटो
आणि नमुना म्हणून नऊ बिबडे.
दोन एसटीतच मोडले.

कॉम्प्युटरवर हेमकांत. बाविशीचा असेल.
आधी नाव, म्हणाला.
कानबाई फूड्स?
आहे कुणाचं तरी.
खान्देशी खार?
तेही मिळतंजुळतं, सुरतेत.
नाव असं पाहिजे, जे अख्ख्या भारतात
दुसऱ्या कुणी ठेवलं नसेल.
वैजयंता माझ्याकडे वळली,
"आते काय करवं वं?"
मला एक सुचलं होतं. तिला न विचारता
मी ते कागदावर लिहून हेमकांतकडे सरकवलं.

मग अर्ज. वडिलांचं नाव.
तिनं सवयीनं विचारलं, आणि नवऱ्याचं?
त्यानं स्क्रीन खालीवर केली.
तसा रकानाच नव्हता.
रेशनकार्ड, गॅस, बँक, मतदारयादी,
सात वर्षं त्या रकान्यापाशी तिचं पेन अडायचं,
कधी रेघ, कधी कोरी जागा.
इथं काहीच करायचं नव्हतं.
तिनं बापाचं नाव सांगितलं,
दगा. डी, ए, जी, ए.
हेमकांत हसला नाही.
त्याच्याही घरात कुणी दगा असणार.

डिजिटल सहीसाठी व्हिडिओ.
मोबाईलकडे बघा, पॅनकार्ड हनुवटीपाशी धरा,
स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं बोला.
ती ताठ उभी राहिली
धुळ्याच्या कोर्टात उभी होती तशी.
तेव्हा मी भावाच्या बाकावर बसले होते.
आज मोबाईल माझ्या हातात होता
आणि तो हलला.
पुन्हा घ्या, हेमकांत म्हणाला, धूसर आलं.

फी किती?
नावाचे दोनशे, नोंदणीचे पाचशे,
दोन सह्यांचे जवळपास तीन हजार,
कराराचा मुद्रांक, वर खैरनारांचे.
वैजयंतानं बोटांवर भागाकार केला,
"अकराशे बिबडे. फुटलेले सोडून."

खैरनारांनी चष्मा काढून समजावलं,
मर्यादित म्हणजे कसं,
धंदा बुडाला तरी घरदार जात नाही.
जेवढं घातलं तेवढंच जातं.
ती म्हणाली, हे आधी कुणी सांगितलं नाही मला.
ते पुढच्या कलमावर गेले.
एखादी भागीदार सोडून गेल्यास...
"मी एकदा जाऊन आलेय," ती म्हणाली,
"तसं लिहा."

चार दिवसांनी नाव मंजूर झालं.
आता नोंदणीकृत पत्ता.
मागच्या अंगणातलं पत्र्याचं शेड,
जिथं आम्ही पहाटे चारला घाटा शिजवतो.
वीजबिल अजून आमच्या बापाच्या नावावर,
घर भावाच्या.
मालकाचं ना-हरकत पत्र लागेल, हेमकांत म्हणाला.
दोघी गप्प. पंखा कुरकुरत होता.

रात्री पत्र घेऊन मीच गेले.
सुपडूदादा जेवून ओट्यावर बसलेला.
याच माणसानं कधीकाळी
हरकतींच्या चार पानांवर सही केली होती.
तिचं बोलणं, तिचं मीठ, तिचं माहेर,
न झालेलं मूल.
त्यानं कागद बल्बखाली धरला.
सदर जागेत नणंदभावजय फूड्स एलएलपी
या संस्थेचे कार्यालय असण्यास...
परत पहिल्यापासून वाचलं.
नावाशी बोट थांबलं.
"तिनं नाव बी शे का?"
शे, म्हटलं.
पेन चालेना. झटकलं, तळहातावर घासलं,
मग सही केली.
मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा हाक आली,
"थांब. तारीख टाकानी ऱ्हायनी."

सकाळी लोखंडी जिन्यापाशी
वैजयंता वाट बघत होती.
काय म्हणाला?
काही नाही, म्हटलं.
तारीख टाकली.